उष्ट्याखरकट्याची मोजदाद

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2021 साली जगातील अन्न-नासाडीचा अहवाल काढला. भारतीय घरांसाठी त्यात दरडोई वर्षाला 50 किलो असा अंदाज होता. 2024च्या अहवालात तो 55 झाला. पहिला अंदाज कशावर उभा होता? डेहराडून आणि आंध्रातील राजम येथील तीन पाहण्यांवर. डेहराडूनच्याच एका पाहणीत 73 किलो भरले, दुसरीत 20! महाराष्ट्रातले एकही स्वयंपाकघर त्यात नव्हते. 2030पर्यंत दरडोई नासाडी निम्मी करायचे जागतिक उद्दिष्ट आहे. पण निम्मी कशाच्या?

शिवाय मोजायचे काय, हाही प्रश्न आहेच. या अहवालाच्या हिशेबात आंब्याची कोय आणि माशाचे काटेही धरतात. गायीला घातलेली शिळी भाकरी धरत नाहीत. तीच खतखड्ड्यात गेली की नासाडी. फोडणीची पोळी अर्थातच हिशेबाबाहेर.

यावर नागरिक-विज्ञानाचा मार्ग आहे. हौशी पक्षीनिरीक्षक जशा नोंदी जमवतात, तशा शेकडो घरांनी एकाच पद्धतीने आठवडाभर ठेवायच्या. डिजिटल काटा, दोन डबे आणि एक वही पुरे. एका डब्यात साली-देठ, दुसऱ्यात खाता आले असते ते. बेसिनमध्ये ओतायची आमटीही आधी तोलायची. रोज रात्री वजन लिहायचे आणि शेजारी कारण: जास्त शिजले, विसरले, नासले. माझ्या मते कारणाचा रकाना वजनाहून मोलाचा. नासलेल्या कोथिंबिरीवरचा उपाय उरलेल्या भाताला लागू पडत नाही.

वहीत खोटही आहे. ब्रिटनमध्ये वहीतील नोंदी आणि प्रत्यक्ष कचरा ताडून पाहिले, तेव्हा वहीत कमी भरले. काही नोंदी राहून जातात, आणि मोजायला लागले की हात आखडतो. संशोधकाची ती अडचण, घराचा मात्र फायदा. म्हणून पहिला आकडा कमीच आहे असे धरून चालावे आणि काही महिन्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा मोजावे.

आता वही लिहायची कोणी? बहुतेक घरांत ती स्वयंपाक करणाऱ्या बाईच्याच गळ्यात पडेल आणि पुढे तिच्यावरच उलटेल. ताटात टाकणारे, किंवा आयत्या वेळी ‘बाहेर जेवून आलो’ म्हणणारे नामानिराळे. तेव्हा ‘पातेल्यात उरले’ आणि ‘ताटात उरले’ हे रकाने वेगळे असावेत, आणि ताटातले ज्याचे त्याने तोलून स्वतःच्या हाताने लिहावे.