मनगटावरचा वाटाड्या : कोणते घड्याळ निवडावे?

पावसाळा सरत आला की शाळा-महाविद्यालयांच्या सहली गडकिल्ल्यांकडे वळतात. घाटमाथ्यावर अनेक ठिकाणी मोबाईलची रेंज येते-जाते, घळीत किंवा खोल दरीत तर ती मिळतच नाही. अशा ठिकाणी वाट चुकू नये म्हणून मनगटावर एखादे घड्याळ असावे का, आणि घ्यायचेच तर धावपटू वापरतात ते स्पोर्ट्‌स वॉच घ्यावे की फोनच्या जोडीने चालणारे स्मार्टवॉच, असा प्रश्न शिक्षकांपुढे येतो. दोन्ही दिसायला सारखी, किमतीही कित्येकदा जवळपासच्या. 'यात जीपीएस आहे' हे वाक्य दोन्हींच्या जाहिरातीत असते. पण बरोबर चाळीस मुले आहेत, पठारावर धुके उतरले आहे आणि कडा कोणत्या बाजूला आहे ते दिसत नाही, अशा वेळी तेवढे वाक्य पुरत नाही. म्हणून घड्याळाच्या आत काय घडते ते आधी समजून घेऊ. निवड मग आपोआप सोपी होईल.

रेंज नसताना जीपीएस चालते का?

चालते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवीत असतात. 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे' असा त्या संदेशाचा आशय असतो. उपग्रह बरोबर डोक्यावर असेल तर प्रकाशवेगाने येणारा हा संदेश सुमारे ०.०६७ सेकंदात आपल्यापर्यंत पोहोचतो. लागलेल्या वेळाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. तीन उपग्रहांची अंतरे कळली की आपले स्थान ठरते. मग चौथा उपग्रह कशाला? उपग्रहात अणुघड्याळ असते, आपल्या मनगटावर मात्र साधे क्वार्ट्‌झचे. त्यात एका सेकंदाच्या दहालक्षांश भागाएवढी चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. ही चूक शोधून काढण्यासाठी चौथे समीकरण, म्हणजेच चौथा उपग्रह लागतो.

या सगळ्यात आपले घड्याळ केवळ ऐकण्याचे काम करते, रेडिओसारखे. ते उपग्रहाला काहीही कळवत नाही. त्यामुळे मोबाईलच्या मनोऱ्याचा येथे संबंधच येत नाही. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या संथ गतीने सांगतो. ती पूर्ण ऐकायला अर्धा मिनिट लागते आणि मध्ये झाडी आली तर पुन्हा सुरुवात करावी लागते. फोन ही माहिती इंटरनेटवरून झटकन मिळवतो. बरीचशी घड्याळे पुढील काही दिवसांच्या कक्षांचे अंदाज फोनमार्फत आधीच घेऊन ठेवतात. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री घड्याळ फोनशी जोडून घेणे केव्हाही चांगले.

स्थान आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी

जीपीएस आपल्याला फक्त अक्षांश, रेखांश आणि उंची असे आकडे देते. त्या आकड्यांभोवती ओढा, कडा, पायवाट दाखवणारा नकाशा कोठून येतो? घोटाळा होतो तो इथेच. घड्याळांचे तीन प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात उपग्रहांचे संदेश घेणारी यंत्रणाच नसते. ही स्वस्त घड्याळे खिशातल्या फोनने शोधलेले स्थान उसने घेतात. फोन बंद पडला की यांचे कामही संपले.

दुसऱ्या प्रकारात स्वतःची जीपीएस यंत्रणा असते, पण नकाशा नसतो. संगणकावर आखलेली वाट घड्याळात भरली की पडद्यावर एक रेघ दिसते आणि आपण रेघेवर आहोत की तिच्यापासून दूर हे कळते. २०२२ साली आलेले गार्मिनचे फोररनर २५५ हे या प्रकारचे स्पोर्ट्‌स वॉच. दर दहा मीटरला एक बिंदू धरला तरी दहा किलोमीटरच्या वाटेला हजारच बिंदू लागतात. एवढी माहिती अगदी थोड्या जागेत मावते.

तिसऱ्या प्रकारात समोच्चरेषा, ओढे, पायवाटा दाखवणारा नकाशा घड्याळाच्या स्मृतीतच साठवलेला असतो. त्याच वर्षीचे फोररनर ९५५ या गटातले. रेघ सोडून भरकटल्यावर जवळ दुसरी वाट आहे का, पुढे उतार किती तीव्र आहे, हे असा नकाशाच सांगू शकतो.

स्मार्टवॉच यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे हे नावावरून कळत नाही. ॲपलच्या घड्याळांसाठी २०२३ मध्ये वॉचओएस १० आली, तेव्हा आयफोनवर उतरवून घेतलेला नकाशा घड्याळावर पाहता येऊ लागला. मात्र त्यासाठी फोन चालू आणि जवळ असणे आवश्यक होते. तेव्हा 'ऑफलाइन नकाशा' हे शब्द वाचले की, 'नकाशा घड्याळात आहे की फोनमध्ये?' असा प्रश्न विचारावाच.

ऊर्जेचा हिशेब

घड्याळातला विद्युतघट अगदी लहान असतो. त्यात साधारण १.२ वॅट-तास ऊर्जा आहे असे समजू. २०२२ सालच्या ॲपल वॉच सीरीज ८ चा घट नेहमीच्या वापरात १८ तास पुरतो असे कंपनी सांगते (ऊर्जाबचतीच्या पद्धतीत ३६ तासांपर्यंत). म्हणजे सरासरी खर्च झाला सुमारे ६७ मिलिवॅट. फोररनर २५५ साठी कंपनीचा दावा नुसते घड्याळ म्हणून १४ दिवसांचा आणि जीपीएस चालू ठेवून ३० तासांचा आहे. तेवढीच ऊर्जा धरली तर हे खर्च अनुक्रमे ३.६ आणि ४० मिलिवॅट येतात. जीपीएस चालू केल्यावर खर्च अकरा पटींनी वाढला, तरीही तो स्मार्टवॉचच्या रोजच्या खर्चापेक्षा कमीच राहिला!

याचे कारण रचनेत आहे. स्मार्टवॉच म्हणजे लहानसा फोनच. त्यात शक्तिमान प्रक्रियक असतो आणि स्वतः प्रकाशणारा पडदा असतो. अनेक स्पोर्ट्‌स वॉचचा पडदा मात्र बाहेरच्या उजेडाचे परावर्तन करून दिसतो. त्यामुळे तो उन्हात अधिक स्पष्ट दिसतो आणि चित्र बदलत नसेल तेव्हा जवळजवळ काहीच ऊर्जा खात नाही. (अलीकडे काही स्पोर्ट्‌स वॉचमध्येही स्वयंप्रकाशी पडदे आले आहेत. तेव्हा पडदा कोणता हे पाहून घ्यावे.)

आता शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परतणाऱ्या सहलीचा विचार करा. एकूण ४८ तास, त्यांपैकी चालणे दहा तास. फोररनर २५५ चा चालण्यात एक-तृतीयांश घट संपेल आणि उरलेल्या ३८ तासांत ३३६ पैकी ३८ भाग, म्हणजे सुमारे ११ टक्के. परतताना निम्म्याहून अधिक ऊर्जा शिल्लक असेल. १८ तासांचे घड्याळ मात्र मध्ये चार्ज केले नाही तर शनिवारी संध्याकाळीच थांबेल, आणि उतरण्याची वाट तर रविवारी शोधायची आहे.

कडा, पाऊस आणि हवेचा दाब

उंच कड्याखाली काही उपग्रह झाकले जातात आणि काहींचे संदेश कातळावर आपटून येतात. परावर्तित संदेशाने ३० मीटर जास्त प्रवास केला तर अंतर तेवढे चुकते. काही घड्याळे १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्‌झ अशा दोन कंप्रतांवर ऐकतात. दुसऱ्या संदेशाची रचना अशी असते की थेट आलेला आणि आपटून आलेला संदेश वेगळा ओळखणे सोपे जाते. इस्रोच्या 'नाविक' यंत्रणेचे उपग्रहही ही कंप्रता वापरतात. सह्याद्रीत ही सोय उपयोगाची आहे. तरीही धुक्यात कड्याच्या जवळ असताना पडद्यावरच्या बिंदूवर पाऊल टाकू नये. पाच-दहा मीटरची चूक सपाट रस्त्यावर क्षुल्लक ठरते, कड्यावर नाही.

पावसात आणखी एक अडचण येते. स्पर्शाने चालणारा पडदा बोटामुळे होणारा विद्युत बदल ओळखतो, आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो. ओल्या हातांनी नकाशा सरकवताना याचा त्रास जाणवतो. बटणे असलेले घड्याळ येथे उजवे ठरते.

उंची मोजण्यासाठी बऱ्याच घड्याळांत वायुदाबमापक असतो. हजार-दीड हजार मीटर उंचीवर साधारण नऊ मीटर चढले की दाब एक मिलिबारने घटतो. पण आपल्याकडे रोज सकाळी दहाच्या सुमारास दाब जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार मिलिबारने कमी होतो. परिणामी एका जागी बसलेल्या माणसालाही घड्याळ तीसेक मीटर 'चढवते'. म्हणून ज्ञात उंचीच्या ठिकाणी आकडा दुरुस्त करून घ्यावा.

मग निवड काय करावी?

एका दिवसाची, मळलेल्या वाटेची सहल असेल आणि स्मार्टवॉच आधीच जवळ असेल, तर नवीन काही घेण्याची गरज नाही. फोनच्या ५००० मिलिअँपिअर-तासांच्या घटात सुमारे १९ वॅट-तास, म्हणजे घड्याळाच्या पंधरा पटींहून अधिक ऊर्जा असते. त्यावर नकाशा उतरवून घ्यावा, फोन पिशवीत कोरडा ठेवावा आणि सोबत पॉवर बँक घ्यावी. दोन-तीन दिवसांच्या, वारंवार होणाऱ्या भटकंतीसाठी बटणांचे स्पोर्ट्‌स वॉच अधिक भरवशाचे. परवडत असेल तर नकाशा आत असलेले घ्यावे, नाहीतर रेघ दाखवणारेही पुरेल. छापील नकाशा मात्र दोन्ही वेळा हवा.

विकत घेण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. घड्याळात एक वाट भरा, फोन बंद करून घरी ठेवा आणि मैदानात जा. स्थान, वाट आणि नकाशा यांपैकी जे दिसेल तेवढेच डोंगरात दिसेल. वर्गासाठी हाच प्रयोग वाढवता येईल. मैदानात एक खूण करून दर पाच मिनिटांनी दहा वेळा अक्षांश-रेखांश नोंदवा आणि आलेखकागदावर मांडा. अक्षांशातला ०.०००१ अंश म्हणजे सुमारे ११ मीटर. बिंदू किती विखुरले ते विद्यार्थ्यांनाच मोजू द्या. नंतर तीच नोंद इमारतीच्या भिंतीलगत करा.

शेवटी एक मर्यादा. घड्याळातली रेघ कोणीतरी कधीतरी चाललेली असते. हरिश्चंद्रगडावर पाचनईची वाटही रेघच दिसते आणि नळीची अवघड वाटही रेघच दिसते. पावसाने दरड कोसळली का, ही पायवाट की ढोरवाट, हे उपग्रहाला ठाऊक नसते. ते पायथ्याच्या गावातल्या माणसाला ठाऊक असते. मुले बरोबर असतील तेव्हा घड्याळ कोणतेही असो, त्या माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घ्यावे.