गाईला आपला अंदाज यावा
लेखमाला : वैनगंगेकाठचा गोठा (लेखांक 6)

मागच्या आठवड्यात आपण तणस, हिरवा चारा आणि ढेप यांचा हिशेब मांडला. पण गव्हाण भरलेली असूनही काही गोठ्यांत गाय पान्हा चोरते, जवळ गेलं की दाव्याला हिसका देते, कासेला हात लावला की पाय झाडते. दोन घरं सोडून तशीच गाय घरातल्या कोणाच्याही हाताखाली शांत उभी राहते. असा फरक दिसला की आपण जातीला किंवा नशिबाला बोल लावतो. बहुतेक वेळा कारण माणसाच्या वागण्यात असतं. जनावराचा विश्वास कसा बसतो, कशानं उडतो आणि उडालेला पुन्हा कसा मिळवायचा, हे आज पाहू.

बालाघाट जिल्ह्यात या प्रश्नाला दोन खास बाजू आहेत. वारासिवनी, कटंगी, लालबर्रा, लांजी, किरनापूर या पट्ट्यात धानाच्या बांध्या आणि दारात थोडीच जनावरं, असं छोट्या शेतकऱ्याचं घर असतं. सकाळी गुरं आखरावर जमतात, गायकीबरोबर चरायला जातात आणि दिवेलागणीला परततात. घरच्या माणसाचा हात त्यांना लागतो तो दिवसाच्या दोन टोकांना, तोही घाईत. बैहर-परसवाड्याकडे तर चराईचं रान थेट कान्ह्याच्या जंगलाला भिडतं. तिथल्या गुरांना पाचोळा वाजला तरी सावध व्हावं लागतं.

दुसरी बाजू जातीची. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा गवळाऊ जनावरांचा मूळ पट्टा. अंगानं हलकी, पांढरी-करडी, चालीला चपळ. मराठ्यांच्या सैन्यातल्या जलद वाहतुकीसाठी ही जात नावाजली गेली, असं मानतात. चपळाईसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं जनावर चटकन कान टवकारणारच. त्याला मारकं म्हणून मोकळं होऊ नये. ते लवकर बुजतं, तसंच लवकर शिकतंही.

गाईला काय दिसतं, काय ऐकू येतं

गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता तिला जवळजवळ 330 अंशांतलं दिसतं. शेपटीमागचा पट्टा तेवढा आंधळा राहतो आणि तिथून आलेला माणूस तिच्यासाठी अचानक उगवतो. खोलीचा अंदाज तिला फक्त समोरच्या अरुंद भागात नीट येतो. म्हणून उंबऱ्यावरची सावली किंवा जमिनीवर पडलेली दोरी पाहून ती थबकते आणि डोकं खाली घालून निरखते. तिथं मागून काठी बसली, तर तिच्या लेखी भीती खरी ठरते. दोन श्वास थांबलं, तर ती आपणहून पाऊल टाकते.

माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, गाईला सुमारे 35 हजारांपर्यंत. बादलीचा खणखणाट, पत्र्याचा आवाज, पोरांची किंचाळी तिला आपल्यापेक्षा जास्त टोचते.

शिवाय प्रत्येक जनावर आपल्याभोवती एक अंतर राखून असतं. त्याच्या आत कोणी आलं की ते सरकतं. अमेरिकेतल्या पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी या अंतराचा आणि खांद्याच्या रेषेचा नियम सोपा करून सांगितला. खांद्याच्या मागून दबाव आला की जनावर पुढे चालतं, खांद्याच्या पुढून दबाव आला की मागे सरतं. आपले जुने गुराखी हेच करतात. त्यांची काठी उठते कमी, उभं राहायची जागा बदलते जास्त.

भीती दुधात उतरते

कासेला हात लागला, वासरू ढुसण्या देऊ लागलं की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं. मिनिटाभरात ते कासेत पोचतं, दुधाच्या बारीक पिशव्या आवळल्या जातात आणि दूध सडाकडे येतं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. गाय दचकली तर ॲड्रेनलिन हे सगळं रोखून धरतं. देशी गाईत सडाच्या वरच्या पोकळीत आयतं साठलेलं दूध थोडंच असतं, बाकीचं पान्ह्याशिवाय खाली येत नाही. म्हणून भ्यालेल्या गाईचे सड कितीही ओढले तरी हाती फारसं लागत नाही आणि दुखल्यामुळे ती उद्याही भिते.

1999 मध्ये रशन, द पासिये आणि मुंक्सगार्ड या संशोधकांनी एक प्रयोग मांडला. एका माणसानं गाईंना हळुवार वागवलं, दुसऱ्यानं दांडगाईनं. पुढे दूध काढताना तो दांडगा माणूस नुसता जवळ उभा राहिला. त्यानं हात लावला नाही, आवाज केला नाही. तरीही कासेत अडकून राहणारं दूध सुमारे 70 टक्क्यांनी वाढलं. दिवसाला मोजकंच दूध देणाऱ्या गाईत असं दूध अडून राहिलं, तर तोटा थेट घराच्या चहाला आणि वासराच्या वाट्याला लागतो.

त्याच संशोधकांच्या कामातून हेही दिसलं की गाय माणसांमधला फरक ओळखते आणि त्यासाठी कपड्यांच्या रंगाचाही आधार घेते. गोठ्यात नवी गाय आली की काही दिवस तेच लुगडं, तोच सदरा घालून जाणं म्हणूनच शहाणपणाचं.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाची 2009 ची पाहणीही सांगण्याजोगी आहे. 516 दूध उत्पादकांना विचारलं, तेव्हा गाईंना नावानं हाक मारणाऱ्यांकडे एका वेतात सरासरी 258 लिटर दूध जास्त निघत होतं. नावात जादू नाही. ढवळी, कपिला, मोरी अशी हाक मारणारा माणूस प्रत्येकीला वेगळं ओळखतो. कोणती डावीकडून हात लावू देते, कोणतीला वासरू आधी दाखवावं लागतं, हे त्याला पाठ असतं.

नवी गाय घरी आली

बाजारातून आणलेल्या गाईनं एका दिवसात गोठा, सोबतीण, माणूस असं सगळं गमावलेलं असतं. पहिल्या दिवशी तिला शांत स्वभावाच्या जुन्या गाईशेजारी बांधा. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण इथं अक्षरशः खरी ठरते. शेजारीण रवंथ करते आहे, हे पाहून नवीही निवळते.

पहिले काही दिवस चारा-पाणी एकाच माणसानं, ठरल्या वेळी द्यावं. गोठ्यात शिरण्याआधी बाहेरूनच हाक द्यावी आणि ती रोज एकच असावी. चारा टाकून लगेच वळू नये. तिच्या खांद्याच्या बाजूला, तिला दिसेल असं थोडा वेळ बसावं. नजर रोखू नये, हात पुढे करू नये. ती मान लांबवून हुंगेल. हुंगू द्यावं. तेवढ्यात हात लावायची घाई केली तर दोन दिवसांची कमाई जाते.

स्पर्शाची सुरुवात खांद्यापासून करावी. तोंडावर आणि शिंगांकडे हात नेऊ नये. पाठीवर थापटण्यापेक्षा बोटांनी खाजवलेलं तिला आवडतं. मग हात हळूहळू मानेखालच्या पोळीवर न्यावा. व्हिएन्नातल्या संशोधकांना गाईंचा सगळ्यात चांगला प्रतिसाद मानेखालच्या खाजवण्यालाच मिळाला होता, कारण गाई एकमेकींना चाटतात तेव्हाही ही जागा त्यांच्या आवडीची असते. हात बरोबर पडला की ती हनुवटी वर करून मान ताणते, कान सैल सोडते, पापण्या अर्ध्या मिटते. डोळ्यांचा पांढरा भाग जास्त दिसू लागला, शेपूट मांड्यांत दाबली, उभ्या उभ्या पातळ शेण टाकलं, तर थांबावं आणि एक पाऊल मागे यावं. तिनं ‘नको’ म्हटलं आणि आपण ऐकलं, हे तिला कळलं की पुढच्या वेळी ती जास्त जवळ येऊ देते.

गाभण कालवडीच्या कासेला, मांड्यांना हात लावायची सवय विण्याआधी महिना-दोन महिने लावावी. व्यायल्यावर एकदम सड धरले आणि तिनं लाथ मारली, तर तिला मारकी ठरवणं अन्यायाचं आहे.

दुखवावं लागलं तर

काही दुखणी टळत नाहीत. 2019 पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत लाळ्या-खुरकुताची लस देतात, कानात बारा अंकी बिल्ला लावतात. वेसण असते, रेतन असतं. अशा वेळी दोन पथ्यं पाळावीत. दूध काढायच्या जागेवर सुई टोचू नये, कारण गाय जागाही लक्षात ठेवते. आणि दूध काढणाऱ्या व्यक्तीनं, बहुतेक घरांत ती बाई असते, जनावर धरायला जाऊ नये. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. दवाखान्यात खोडा असेल तर एरवीही तिला त्यातून नेऊन पलीकडे मूठभर ढेप द्यावी, म्हणजे खोडा दिसताच ती अडून बसणार नाही.

आपल्या पोळ्याच्या रीतीत हे ज्ञान मुरलेलं आहे. श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी जुवानं घासलेल्या खांद्यावर हळद आणि तूप चोळतात, बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. जिथं वर्षभर ओझं असतं, नेमका तिथंच मायेचा हात. ती रीत पाळणाऱ्या घरानं उरलेलं वर्षही तसंच राहावं, एवढंच माझं मागणं आहे. आज गूळ आणि उद्या तुतारी, असं वागणाऱ्या माणसाचा जनावराला अंदाज लागत नाही, आणि ज्याचा अंदाज लागत नाही त्याच्यावर ते विश्वास ठेवत नाही. कमी बोलणारा पण रोज सारखा वागणारा माणूस त्याला जवळचा वाटतो. म्हणून हे काम एकट्या धन्याचं नव्हे. घरातल्या एकानं गोंजारायचं आणि दुसऱ्यानं शेपूट पिरगाळायची, असं चालणार नाही. गायकीशीही हे बोलून ठेवा.

या आठवड्यात एक मोजमाप करून पाहा. गाय गव्हाणीशी उभी असताना समोरून, तिला दिसेल असं, हात किंचित पुढे धरून सावकाश चालत जा. तिनं मान मागे घेतली की थांबा. आपला हात आणि तिचं नाक यांत किती वीत अंतर उरलं, ते भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. घरातल्या प्रत्येकानं हे करावं आणि महिन्यानं पुन्हा मोजावं. ज्याचं अंतर घटलं, त्याच्या हाती दुधाची चरवी द्यावी. ज्याचं वाढलं, त्याच्याशी घरात नीट बोलावं.

पुढच्या लेखांकात : वासराचे पहिले आठवडे आणि माणसाची ओळख.