धरमतरची खाडी आणि कराची सीमा

अलिबागहून पेणकडे येतांना धरमतरच्या पुलावर अंबा नदीची खाडी ओलांडावी लागते. एका तीरावर अलिबाग तालुका, दुसऱ्या तीरावर पेण. पेणला बिऱ्हाड करून राहिलेल्या एखाद्या जोडप्यांतील पत्नी अलिबागच्या शाळेंत शिकवीत असेल आणि पति मुंबईस नोकरीला जात असेल, तर तिला तालुक्याची व त्याला जिल्ह्याची हद्द रोज ओलांडावी लागते. तरीहि त्यामुळें दोघांच्या आयकरांत एका पैशाचाहि फरक पडत नाहीं. मात्र तीच हद्द राज्याची असती तर? या प्रश्नाचें उत्तर काळाप्रमाणें आणि देशाप्रमाणें निराळें येतें.

या भागाला असल्या सीमा अपरिचित नाहींत. पेण व रोहें यांच्या शेजारचा सुधागड तालुका १९४८ पर्यंत भोर संस्थानांत होता. पेणहून पालीस जाणारा मनुष्य ब्रिटिश मुलूख सोडून संस्थानी मुलखांत शिरे. १९२२ च्या आयकर कायद्यांत पुढें ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांप्रमाणें संस्थानांत झालेली प्राप्ति ब्रिटिश हद्दींत आणली, तरच ती तेथील करास पात्र ठरे. पैसा कोठें मिळाला याइतकेंच तो कोठें नेला यालाहि महत्त्व होतें. ८ मार्च १९४८ रोजीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि ती सीमा पुसली गेली.

आज भारतांत पगारावरील आयकर केंद्र सरकारचा आहे, आणि पतिपत्नींची आकारणी स्वतंत्रपणें होते. राज्याच्या सीमेचा संबंध येतो तो केवळ व्यवसायकराशीं. कागलला राहून निपाणीस कामाला जाणाऱ्या पतीच्या पगारास कर्नाटकाचा व्यवसायकर लागू होतो. कागलमध्येंच नोकरी करणाऱ्या त्याच्या पत्नीस महाराष्ट्राचा. महाराष्ट्रांत २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या स्त्रियांना तो माफ आहे. शिवाय घटनेच्या २७६ व्या कलमानें हा कर वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक असूं शकत नाहीं. घरखर्चाच्या वहींत सीमेची नोंद होते ती इतकीच.

अमेरिकेंत स्थिति फार वेगळी आहे. तेथें केंद्राचा आयकर असतोच. त्यावर बहुतेक घटकराज्यें आपला स्वतंत्र आयकर बसवितात. न्यू जर्सींतील एडिसनच्या परिसरांत पुष्कळ मराठी कुटुंबें राहतात, आणि त्यांतील अनेकांची नोकरी न्यूयॉर्क शहरांत असते. अशा घरांतील पति रेल्वेनें न्यूयॉर्कला जातो आणि पत्नी एडिसनमध्येंच काम करते, असें समजूं. पतीच्या पगारावर न्यूयॉर्क राज्य कर घेतें, कारण काम तेथें झालें. न्यू जर्सी दोघांच्या सर्व प्राप्तीवर हक्क सांगतें, कारण घर तिच्या हद्दींत आहे.

एकाच पगारावर दोन कर बसूं नयेत म्हणून न्यू जर्सी न्यूयॉर्कला भरलेल्या कराची वजावट देतें. परंतु त्या वजावटीला मर्यादा आहे. समजा, पतीच्या पगारावर न्यूयॉर्कला ६,००० डॉलर गेले आणि तेवढ्याच प्राप्तीवर न्यू जर्सीचा कर ४,००० डॉलर होतो. वजावट ४,००० चीच मिळेल. वरचे २,००० डॉलर कोणीहि परत करीत नाहीं. दोन राज्यांपैकीं ज्याचा कर जड, त्याचाच भार अखेरीस घरावर पडतो.

पत्नीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पतिपत्नींनीं केंद्राकडे एकत्र विवरणपत्र भरलें, तर न्यूयॉर्ककडेहि सामान्यतः एकत्रच भरावें लागतें. न्यूयॉर्क प्रथम दोघांच्या एकंदर प्राप्तीवर कर काढतें, आणि मग त्यांतील न्यूयॉर्कच्या प्राप्तीच्या प्रमाणांत हिस्सा घेतें. पत्नीच्या पगारावर न्यूयॉर्क प्रत्यक्ष कर घेत नाहीं. परंतु त्या पगारामुळें पतीच्या पगारास लागणारा दर चढूं शकतो. ज्या राज्यांत तिनें वर्षभर पाऊलहि टाकलें नाहीं, तेथील हिशेबांत तिची कमाई अशी मोजली जाते. पतीनें कांहीं दिवस आपल्या सोयीसाठीं एडिसनच्या घरीं बसून काम केलें, तरी न्यूयॉर्क ते दिवस बहुधा आपलेच धरतें.

तोच पति पश्चिमेकडे पेनसिल्व्हानियांत नोकरीला गेला असता, तर हा खटाटोप वांचला असता. त्या राज्याचा न्यू जर्सीशीं परस्पर करार असून, त्यानुसार पगारावर केवळ निवासाच्या राज्याचा कर बसतो.

या व्यवस्थेला न्यायालयानेंहि आकार दिला आहे. बाहेरून येऊन कमावणाऱ्यावर कर बसविण्याचा राज्यांचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९२० सालीं मान्य केला. त्याच वर्षीं, स्वतःच्या रहिवाशांना दिलेली करमाफी न्यूयॉर्कला शेजारच्या राज्यांतील लोकांस नाकारतां येणार नाहीं, असेंहि ठरविलें. पुढें २०१५ सालीं मेरीलँडमधील वाइन दांपत्याच्या खटल्यांत, परराज्यांत भरलेल्या कराची पूर्ण वजावट न देणारी मेरीलँडची पद्धत पांच विरुद्ध चार मतांनीं घटनाबाह्य ठरली.

तात्पर्य, सीमेजवळ बिऱ्हाड मांडणाऱ्या जोडप्यानें घरभाडें आणि रेल्वेचा पास यांबरोबर आणखी दोन गोष्टी आधीं विचाराव्या: दोन्ही राज्यांत करार आहे काय, आणि वजावट कोठवर मिळते. धरमतरचा पूल ओलांडणाऱ्याला हा विचार करावा लागत नाहीं. हडसन ओलांडणाऱ्याला तो दर वर्षीं करावा लागतो.