लॅपटॉप कोणत्या वहीत लिहायचा?

आमच्या महाविद्यालयात सहा लॅपटॉप आले, त्या दिवशी पहिला वाद झाला तो रजिस्टरावरून. बडे बाबू म्हणाले, "यंत्र आहे, डेडस्टॉकला चढवा." मी म्हटलं, "ग्रंथालयात आलंय, माझ्या दाखल नोंदवहीत चढवते."

कचेरीशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांना हा वाद पोरखेळ वाटेल. तो तसा नाही. डेडस्टॉक रजिस्टरात खुर्ची, कपाट, पंखा, शाळेची घंटा अशी मंडळी असतात. त्यांनी जागचं हलायचं नसतं. वर्षाअखेर कोणीतरी येऊन मोजतो, आकडा जुळला की सगळे सुटले. दाखल नोंदवहीतल्या पुस्तकाचं अगदी उलटं. त्याला दाखल क्रमांक पडला की ते देवघेवीला मोकळं झालं. ते बाहेर जाईल, भिजेल, कोपरे दुमडून येईल, एखादं परत येणारही नाही, हे सगळं आधीच धरलेलं असतं आणि त्यासाठी निर्लेखनाची रीतही ठरलेली असते. म्हणजे तीच वस्तू एका वहीत लिहिली तर तिने दाराबाहेर जाणं हा गुन्हा, आणि दुसऱ्या वहीत लिहिली तर कपाटात पडून राहणं हा गुन्हा.

तोड अशी निघाली, की डेडस्टॉकमध्ये 'ग्रंथालयाकडे वर्ग' अशी एक ओळ पडली आणि मी वेगळी वही घातली. लॅ-१ ते लॅ-६. लॅपटॉप उसने देण्याची आमची योजना खरी सुरू झाली ती त्या वहीच्या पहिल्या पानावर. फीत नंतर कापली.

आमचं गाव तिरोडा, मुंबई-हावडा लोहमार्गावर, तुमसर रोड आणि गोंदिया यांच्या मधे. बाहेरच्यांना गावाचं नाव ठाऊक असतं ते ३,३०० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रामुळे. आतल्यांना गाव म्हणजे धानाच्या बांध्या, राइस मिल आणि सकाळची गाडी. माझे विद्यार्थी मुंडीकोटा, काचेवानीकडून रेल्वेने येतात, वडेगाव, सुकडी-डाकरामकडून एसटीने. आमचं विद्यापीठ नागपूरचं, १९२३ साली स्थापन झालेलं. त्याचं मोठं ग्रंथालय इथून शंभरेक किलोमीटरवर. पदवीच्या तीन-चार वर्षांत तिथे एकदाही पाऊल न टाकलेली मुलंच जास्त. त्यांच्यासाठी विद्यापीठाचं ग्रंथालय म्हणजे माझ्या टेबलामागची ही चौदा कपाटं.

लॅपटॉप कशाला, मोबाईल आहे ना सगळ्यांकडे, असं मला ज्यांनी विचारलं ते सगळे कार्यालयात संगणकासमोर बसलेले होते. मोबाईलवर व्याख्यान ऐकता येतं. पण वीस पानांचा क्षेत्र-प्रकल्प मोबाईलवर टंकून, तक्ता आखून, संदर्भ लावून दाखवा. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज भरा आणि उत्पन्नाचा दाखला ठरल्या आकारात बसवून चढवा. वाणिज्यच्या मुलीने टॅली शिकायचं कशावर? शेवटी पोरं ऑनलाइन सेंटरवर जातात, दर खेपेला पैसे मोजतात, आणि आपला आधार क्रमांक, पासवर्ड, मोबाईलवर आलेला ओटीपी परक्या माणसाला मोठ्याने सांगतात. भारत सरकारच्या २०१७-१८ च्या नमुना पाहणीत गावांतल्या शंभरातल्या जेमतेम साडेचार घरांत संगणक निघाला होता. शहरांत शंभरात तेवीस. मग २०२० साल आलं, टाळेबंदी झाली. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेनेही त्या वर्षी गरजू विद्यार्थ्यांना लॅपटॉप आणि इंटरनेट देता यावं म्हणून लोकांकडे मदत मागितली. आमची एक मुलगी तेव्हा बापाच्या फोनवर अभ्यास करायची, म्हणजे बाप शेतावरून परतल्यावर रात्री. आणि आमच्याच प्रयोगशाळेतले संगणक कुलपात. डेडस्टॉकचा आकडा मात्र त्या वर्षी अगदी बरोबर जुळला.

तेव्हापासून लॅपटॉप उसने देण्याचं डोक्यात होतं. सहापैकी तीन लॅपटॉप पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी दिले, तीन आम्ही नागपूरला सीताबर्डीवरून जुने पण दुरुस्त केलेले घेतले. उद्घाटनाला मी १२ ऑगस्ट निवडला. डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती, देशभर ग्रंथपाल दिन. २०२५ चा १२ ऑगस्ट. फोटोला हार घातला, प्राचार्यांनी फीत कापली, आणि टाळ्या वाजवायला समोर अकरा जण. रोवणी चालू होती. अर्धं महाविद्यालय चिखलात पऱ्हे लावत होतं. या भागात हयात गेली तरी तारीख ठरवताना मला बांधी आठवली नाही.

पण रोवणी संपली तरी लॅपटॉप हलेनात. पहिल्या महिन्यात सहापैकी दोनच बाहेर गेले, आणि तेही प्राध्यापकांच्या ओळखीच्या मुलांनी नेले. कारण ग्रंथालय समितीने केलेले नियम. दोन हजार रुपये अनामत आणि पालकांच्या सहीचं हमीपत्र, तेही स्टॅम्प पेपरवर. शंभराचा स्टॅम्प आता चालत नाही, पाचशेचा लागतो. म्हणजे ज्याच्याकडे अडीच हजार रुपये मोकळे आहेत त्याला लॅपटॉप फुकट! त्या नियमांखाली माझीही सही होती.

बी.ए. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा रोज यायचा, कपाटाच्या काचेतून बघायचा आणि जायचा. एकदा विचारलं, नेत का नाहीस? तो म्हणाला, "फुटला तं बांधी विका लागंल न मॅडम." हसत म्हणाला, पण ते हसण्यासारखं नव्हतं. अनामत कुठूनतरी उसनवार आणता आली असती. भीती त्याला मोडतोडीची होती.

उसनी वस्तू देण्याघेण्याची अक्कल आपल्याकडे नाही असं कुठे आहे? भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचं नाव इकडे घरोघरी. माझ्या माहेरच्या गावात समाजाची भांडी होती: गंज, पराती, कढया. प्रत्येकावर ठोकून नाव घातलेलं. लग्नघरी जाताना मोजून द्यायची, परत येताना मोजून घ्यायची, चिंचेने घासून. एखादा गंज पोचून आला तर कोणी लग्नघराची बांधी विकायला काढत नसे. पोचा ठोकून घ्यायचा, आणि त्याचे पैसे भांड्यांच्या फंडातून, जो सगळ्यांच्या वर्गणीतला. वापरलं तर झिजणार, हे गृहीतच होतं.

ग्रंथालयांनाही हे नवं नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पुस्तक पेढीत दोन विद्यार्थ्यांमागे एक संच असतो आणि संचाचं आयुष्य तीन वर्षं धरलेलं असतं. ते तीन वर्षांचं कलम ज्याने कोणी घातलं त्याला माझा नमस्कार. पुस्तक मरणारच, ते वापरून मरू द्या, असा त्याचा अर्थ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच: ग्रंथ हे वापरासाठी आहेत. आज हे वाक्य सुविचारासारखं वाटतं. पण एके काळी युरोपात पुस्तकं लोखंडी साखळीने मांडणीला जखडून ठेवत, त्याला ते उत्तर आहे. आमचा पाचशेचा स्टॅम्प पेपर ही तीच साखळी, फक्त कागदाची. आणि सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं, त्यानंतर तिथून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. शंभर वर्षांपूर्वी पेटी भरून पुस्तकं खेड्यात पाठवताना पालकांची हमी मागितली असती तर पहिल्या स्टेशनवरच पेटी परत फिरली असती.

परदेशात हे काम आता सवयीचं झालं आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१३ पासून ओळखपत्र सरकवलं की काही तासांसाठी लॅपटॉप बाहेर देणारं यंत्रच आहे. न्यूयॉर्कचं सार्वजनिक ग्रंथालय घरी न्यायला वायफायची डबीसुद्धा उसनी देऊ लागलं. आम्हाला यंत्र नको. आमचे परिचर भाऊ आहेत, ते यंत्रापेक्षा जास्त चेहरे ओळखतात.

ऑक्टोबरात नियम पुन्हा लिहिले. अनामत नाही, स्टॅम्प नाही. ग्रंथालयाचं कार्ड आणि ओळखपत्र पुरे. सात दिवसांसाठी न्यायचा, कोणी रांगेत नसेल तर आणखी सात. मोडतोडीसाठी एक फंड. त्यात माजी विद्यार्थी आणि आम्ही काही शिक्षक वर्षातून एकदा पैसे टाकतो. मुद्दाम फोडला किंवा विकला तर गोष्ट वेगळी. हातून पडला तर दुरुस्ती आमची. प्राचार्यांनी विचारलं, "मग कोणी जपेल का?" मी म्हटलं, बघू या.

आता यातल्या बारीकसारीक गोष्टी, कारण आणखी कुणा ग्रंथपालाला हे करायचं असेल तर भाषणापेक्षा त्याच उपयोगी पडतात.

चार्जर. लॅपटॉप हरवत नाही, चार्जर हरवतो. किंवा लॅ-३ चा चार्जर लॅ-५ च्या पिशवीत येतो आणि दोन्ही बंद पडल्यासारखे वाटतात. आम्ही लॅपटॉप, चार्जर आणि पिशवी तिघांवर एकाच रंगाच्या ऑइलपेंटने क्रमांक घातला, गंजावर घालत तसा. परत घेताना तिन्ही मोजायचे, मगच कार्ड द्यायचं.

मग आठवणी पुसणं. परत आलेल्या पुस्तकांत मला आजवर रेल्वेची तिकिटं, पासपोर्ट फोटो, एकदा तर धानाची वाळलेली लोंबी सापडली आहे. परत आलेल्या पहिल्याच लॅपटॉपमध्ये सापडलं ते आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाचं पान आणि उघडंच राहिलेलं ईमेल. लोंबी मी जपून ठेवली. हे ठेवता येत नाही. आता प्रत्येक खेपेला जुनं खातं काढून कोरं पाहुणा-खातं घालतो. त्याला वीसेक मिनिटं लागतात, आणि ही वीस मिनिटं टाळायची नाहीत असं मी भाऊंना दोनदा निक्षून सांगितलंय.

योजना सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा अपडेटचा पुरवठा थांबला. आमच्या दोन जुन्या लॅपटॉपना अकरा चालेना. दुकानदार म्हणाला, भंगारात काढा. आमच्या संगणकाच्या सरांनी त्यांच्यावर लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं, जुन्या यंत्रावरही पळतं, आणि मराठी टंकायला त्यात इनस्क्रिप्ट कळफलक आहेच. पोरांनी आधी नाकं मुरडली, आठवड्यात सवय झाली. टॅलीसाठी मात्र विंडोजच लागतं, म्हणून ते दोन कला शाखेकडे आणि बाकीचे चार वाणिज्यकडे, अशी वाटणी आपसूक झाली.

इंटरनेटचं दुखणं राहतंच. नागझिऱ्याच्या जंगलाकडच्या गावांत रेंज भरवशाची नाही. म्हणून लॅपटॉप देण्याआधी आम्ही त्यात काही शिदोरी भरून देतो: अभ्यासक्रमाची टिपणं, जुन्या प्रश्नपत्रिका, विषयाची उतरवून घेतलेली व्याख्यानं आणि किविक्स नावाच्या मोफत प्रणालीतून अख्खा मराठी विकिपीडिया, जो नेट नसतानाही उघडतो. एका मुलीच्या आजोबांनी त्यात रात्री उशिरापर्यंत वैनगंगेबद्दल वाचून घेतलं म्हणे. ते आमच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

येत्या मे महिन्याची मला काळजी आहे. या बॅटऱ्यांचा खरा शत्रू उष्णता, आणि आमचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला. पूर्ण भरलेली बॅटरी तापल्या खोलीत दीड महिना पडून राहिली तर ती म्हातारी होते, कधी फुगते; टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला की समजावं आणि तो लॅपटॉप चार्जिंगला लावू नये. सुट्टीत त्या निम्म्या भरून ठेवायच्या आणि कपाट उत्तरेच्या भिंतीला हलवायचं ठरलंय. खरं तर सुट्टीतही ते बाहेर असलेलेच बरे, पण सुट्टीत द्यायचे की नाही याच्यावर समिती अजून बसलेली नाही.

नियम बदलल्यापासून एक स्क्रीन फुटला. मोटारसायकलच्या कॅरिअरवरून पिशवी घसरली. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या आत हजर, सोबत त्याची आई. ती पदराच्या गाठीत पैसे बांधून आली होती. परत पाठवताना मला तिला तीनदा समजवावं लागलं की हे आमच्या फंडातून होतं. तिचा विश्वास बसला असं वाटलं नाही. एक चार्जर हरवला. एक लॅपटॉप नऊ दिवस उशिरा आला, कारण घरी धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू होतं आणि मुलीला गावाबाहेर पडता आलं नाही. तिच्याकडून दंड घेतला नाही. लॅपटॉप सहाच्या सहा परत आले. अनामत मागत होतो तेव्हा दोन जात होते, आता वहीत रांग लागते. काचेतून बघणारा तो मुलगा आत्तापर्यंत तीनदा लॅ-४ घेऊन गेला आहे. त्याला लॅ-४ च लागतो.

आज, हे लिहिताना, पाच बाहेर आहेत आणि सहावा नव्या स्क्रीनसाठी गोंदियाला. कपाट रिकामं आहे. तुमच्या घरात एखादा चालू लॅपटॉप पडून असेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला विचारा, आणि देणार असाल तर आपला सगळा मजकूर पुसून, चार्जरसकट द्या.