पाटीवर न मावणारं नाव

१९९९ च्या पावसाळ्यातली एक रात्र. लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत जेवणं उरकली होती आणि केबलवर कुठलासा इंग्रजी चित्रपट लागला होता. मी पाहत होतो. बाबा खाटेवर पडून छताकडे बघत होते. इंग्रजीचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. पडद्यावर एक हाडकुळा, गालफडं वर आलेला म्हातारा बँडवाल्यांची तालीम घेत होता. मध्येच त्याला खोकल्याची उबळ आली. ती कशीबशी दाबून तो पुन्हा तालमीला लागला. बाबा उठून बसले आणि म्हणाले, ‘ह्याला आपलाच खोकला आहे.’

बाबांनी सव्वीस वर्षं गिरणीत कापसाची धूळ खाल्ली होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले असंख्य पुन्हा आत गेलेच नाहीत. बाबा त्यांतलेच. गिरणी सुटली, खोकला मात्र सुटला नाही. त्यामुळे खोकल्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. चित्रपट संपेपर्यंत ते पुन्हा आडवे झाले नाहीत.

तो चित्रपट होता १९९६ सालचा ‘ब्रास्ड ऑफ’. त्यातला बँडमास्तर डॅनी म्हणजे पीट पॉसलथ्वेट. तेव्हा हे नाव मला उच्चारताही येत नव्हतं. पण बाबांच्या त्या एका वाक्यामुळे मी या नटाच्या मागे लागलो आणि पुढे मिळतील ते त्याचे चित्रपट पाहत गेलो.

पॉसलथ्वेटचा जन्म ७ फेब्रुवारी १९४६ चा, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या वॉरिंग्टन या कारखान्यांच्या गावातला. घर कामगाराचं, कॅथलिक वळणाचं. शिकून तो मास्तर झाला, मुलींच्या शाळेत नाटक शिकवू लागला. आपल्याकडे अशा मुलाला ‘आता सुटलास’ म्हणतात. पण शिकवता शिकवता त्याला वाटू लागलं की नाटक शिकवण्यापेक्षा आपण ते करावं. चोविशीच्या आसपास त्यानं ब्रिस्टलच्या ओल्ड व्हिक नाट्यशाळेत नाव घातलं.

सुरुवातीलाच त्याला सल्ला मिळाला की आधी आडनाव बदल. एवढं लांबलचक नाव नाटकगृहाबाहेर दिव्यांच्या पाटीवर कोण लावणार? वीजबिल परवडायला नको का? हा किस्सा तो स्वतःच हसत सांगत असे. आडनाव काही त्यानं बदललं नाही. चेहराही बदलण्यासारखा नव्हता. वर आलेली गालांची हाडं, चपटं नाक, खोल डोळे. नायकाच्या साच्यात तो बसणारा नव्हता आणि त्याचा त्याला खेदही दिसत नाही.

१९७० च्या दशकात तो लिव्हरपूलच्या ‘एव्हरीमन’ नाट्यगृहात दाखल झाला. होप स्ट्रीटवरचं हे नाट्यगृह १९६४ मध्ये सुरू झालेलं. शहर गोदीचं आणि कामगारांचं. ज्यांनी आयुष्यात कधी नाटकाचं तिकीट काढलं नाही अशा माणसांना आत आणायचं आणि त्यांच्याच बोलीत त्यांचीच गोष्ट सांगायची, असा तिथला बाणा. जोनाथन प्राइस, ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, अँटनी शेर ही पुढे गाजलेली मंडळी त्या काळात तिथेच घडली. एकाच नाटकात दोन-तीन भूमिका करायच्या, गायचं, वाजवायचं, वेळ पडली तर सामानही हलवायचं. आपल्या कामगार रंगभूमीवर वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनीत त्यानं कामं केली. चित्रपटांत छोट्या छोट्या भूमिका मिळत होत्या. १९७७ च्या ‘द ड्यूएलिस्ट्स’मधली तर आली-गेली कळत नाही. लोकांचं खरं लक्ष गेलं ते १९८८ मध्ये, टेरेन्स डेव्हिसच्या ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’मुळे. त्यात तो लिव्हरपूलच्या एका कामगार कुटुंबातला बाप झाला आहे. बायकोला मारणारा, मुलांना धाकात ठेवणारा. नाताळच्या आदल्या रात्री हाच बाप झोपलेल्या मुलांकडे मायेनं बघतो आणि दुसऱ्या दिवशी मांडलेल्या टेबलावरचं कापड ताटांसकट ओढून टाकतो. असे बाप आम्ही चाळीत पाहिले होते. दुसरा नट असता तर त्याचा राक्षस झाला असता. पॉसलथ्वेट त्याचा राग येऊ देतो आणि त्याची कीवही येऊ देतो.

पाच वर्षांनी त्यानं दुसरा बाप उभा केला. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड इथल्या पबमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि पोलिसांनी भलत्याच माणसांना पकडलं. जेरी कॉनलन नावाचा तरुण जन्मठेपेवर गेला. त्याला सोडवण्यासाठी बेलफास्टहून धावून आलेला बाप जुझेप्पेही अडकवला गेला आणि १९८० मध्ये कैदेत असतानाच मेला. मुलगा निर्दोष सुटायला १९८९ साल उजाडलं. या सत्यकथेवरच्या ‘इन द नेम ऑफ द फादर’मध्ये (१९९३) डॅनियल डे-लुईस मुलगा आहे आणि पॉसलथ्वेट बाप. प्रत्यक्षात बापलेक एका कोठडीत नव्हते, चित्रपटानं त्यांना एकत्र ठेवलं आहे. मुलगा तापट, आवाज चढवणारा. बाप हळू बोलतो, जपमाळ ओढतो, सुटकेसाठी पत्रं लिहितो आणि दिवसेंदिवस खंगत जातो. लक्षात राहतो तो हळू बोलणाराच. या भूमिकेसाठी त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. त्या वर्षीचं ऑस्कर टॉमी ली जोन्सला गेलं.

मग हॉलिवूडनं दार उघडलं. ‘द युज्वल सस्पेक्ट्स’मध्ये (१९९५) तो कोबायाशी नावाचा गूढ वकील झाला, ‘रोमिओ + ज्युलिएट’मध्ये (१९९६) पाद्री. ‘द लॉस्ट वर्ल्ड’मध्ये (१९९७) डायनोसॉरच्या मागे लागलेला शिकारी रोलंड टेम्बो तोच. त्या शिकाऱ्याचा जुना सोबती अजय सिद्धू हा भारतीय दाखवला आहे. हवा तो डायनोसॉर हाती लागतो, पण सोबती जातो, आणि शिकारी मोठ्या पगाराची नोकरी नाकारून निघून जातो. पोरं डायनोसॉर बघायला जातात, पण त्या माणसाची पाठमोरी चाल मोठ्यांच्या डोक्यात राहते. याच सुमारास दिग्दर्शक स्पीलबर्गनं त्याला जगातला सर्वोत्तम नट म्हटल्याचं प्रसिद्ध झालं. पॉसलथ्वेटनं त्याची टिंगलच केली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे स्पीलबर्ग खरं तर असं म्हणाला असणार, की पीटची गोष्टच अशी आहे, त्याला वाटतं आपण जगातले सर्वोत्तम नट आहोत!

पण मला पुन्हा त्या बँडमास्तरकडे जायचं आहे. ‘ब्रास्ड ऑफ’ घडतो १९९२ मध्ये. इंग्लंडमधल्या खाणकामगारांचा वर्षभर चाललेला संप १९८५ च्या मार्चमध्ये मोडला होता आणि खाणी एकेक करून बंद होत होत्या. गोष्टीतल्या ग्रिमली गावाची खाणही बंद व्हायची आहे. खाणीचा बँड मात्र राष्ट्रीय स्पर्धेच्या तयारीत. ही कल्पना ज्या खऱ्या ग्रिमथॉर्प गावावरून आली, तिथल्याच बँडनं चित्रपटातलं संगीत वाजवलं आहे. डॅनीच्या फुप्फुसात कोळशाची धूळ बसलेली, पण त्याच्या लेखी संगीतापुढे सगळं गौण. घरोघरी चूल विझत असताना तो तालमीला उशीर झाला म्हणून ओरडतो. तो इस्पितळात पडतो तेव्हा बँडवाले रात्री खिडकीखाली येऊन, डोक्यावरच्या खाणीतल्या दिव्यांच्या उजेडात वाजवतात. शेवटी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये बँड पहिला येतो आणि इस्पितळातून पळून आलेला डॅनी करंडक नाकारतो. संगीतापेक्षा माणसं मोठी, हे आपल्याला फार उशिरा कळलं, असं तो भर सभेत सांगतो. इथे पॉसलथ्वेट आवाज चढवत नाही. दम पुरत नसलेला माणूस जसा बोलेल तसा, शब्दाशब्दाला श्वास गोळा करत बोलतो.

बाबांना त्यातला एक शब्दही कळला नव्हता. मी अर्थ सांगू लागलो तर हातानंच गप्प केलं. सगळं झाल्यावर म्हणाले, ‘समजलं. नको सांगूस.’

बाबाही एके काळी नट होते. कामगार कल्याण केंद्राच्या स्पर्धेतल्या नाटकांत हवालदार, गडी, निरोप्या अशी कामं करायचे. एक प्रवेश, चार वाक्यं. पण पाळीवरून सुटून तासभर आधी रंगपटात हजर. आम्ही चिडवायचो, की एवढ्याशा कामासाठी केवढी ही धावपळ! त्यांचं उत्तर ठरलेलं : ‘निरोप नीट पोचला नाही तर राजा रडणार कसा?’ २००२ मध्ये ते गेले. पॉसलथ्वेटचा प्रत्येक चित्रपट पाहताना हे वाक्य मला आठवतं. त्यानंही आयुष्यभर निरोपच पोचवले, पण प्रत्येक निरोप जिवावर घेऊन.

राजा तो झाला अगदी शेवटी. २००८ मध्ये लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. त्या वर्षी बासष्ट वर्षांचा हा नट ‘किंग लिअर’ करायला आपल्या जुन्या एव्हरीमनमध्ये परतला. लंडनचा नंबर त्यानंतर, २००९ मध्ये. त्याच वर्षी आलेल्या ‘द एज ऑफ स्टुपिड’ या हवामानबदलावरच्या चित्रपटात तो २०५५ सालातला एकटा उरलेला माणूस झाला. स्वस्त विमानसेवा काढणारा मुंबईचा एक उद्योजकही त्यात आहे. किंग्जनॉर्थला कोळशावरचं नवं वीजकेंद्र उभं राहिलं तर २००४ मध्ये मिळालेला ओबीई किताब परत करीन, असं पॉसलथ्वेटनं जाहीर केलं होतं.

२०१० च्या ‘इन्सेप्शन’मध्ये तो मरणशय्येवरचा उद्योगपती आहे. पुन्हा बाप, पुन्हा मोजकी वाक्यं. तेव्हा तो खरोखरच कर्करोगानं आजारी होता. २ जानेवारी २०११ ला तो गेला, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. जुन्या एव्हरीमनचा पडदाही त्याच वर्षी पडला. २०१४ मध्ये त्याच जागी नवी इमारत उभी राहिली.

आमची चाळही आता पाडायची ठरली आहे. परवा माळा आवरताना पत्र्याच्या पेटीत बाबांच्या नाटकाची एक हस्तपत्रिका सापडली. भूमिकांच्या यादीत सगळ्यांत शेवटी ‘निरोप्या’ आणि पुढे बाबांचं नाव. आडनाव चुकीचं छापलेलं. बाबांनी ते शाईनं खोडून, वर नीट अक्षरात दुरुस्त केलं होतं.