पारदर्शक जागेचं पेटंट

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला फोनच्या पडद्याची रचना शिकवावी लागत नाही. फुटलेला फोन हातात आला की नुसती वरची काच गेली आहे की अख्खा कॉम्बो गेला आहे, हे तो उजेडात तिरपं धरून सांगतो. कॉम्बो म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले यांचा एकत्र चिकटवलेला जोड. आताच्या बहुतेक फोनांच्या कॉम्बोत वरच्या बाजूला सेल्फी कॅमेऱ्यासाठी गोल भोक असतं. काही महाग फोनांमध्ये मात्र तेही नसतं. कॅमेरा पडद्याच्या खाली बसवलेला असतो आणि त्याच्यावरचा पडदासुद्धा चित्र दाखवतो. जेमतेम काही मिलिमीटरची ही पारदर्शक जागा. पण सॅमसंग डिस्प्ले, बीओई, व्हिजनॉक्स अशा कंपन्यांनी तिच्यासाठी पेटंटच्या अर्जांमागून अर्ज दाखल केले आहेत. अशा अर्जाचं परीक्षण कसं होतं, ते करणारा अधिकारी नेमकं काय शोधतो, हे मराठी वाचकाला कुणी फारसं सांगत नाही. परीक्षणाची ही पद्धत मला विचार करण्याची एक उत्तम शिस्त वाटते, म्हणून ती इथे सविस्तर मांडतो आहे.

आधी ती जागा समजून घेऊ. २०१७ साली इसेन्शियल फोन आणि आयफोन टेन यांच्या पडद्याला वरून खाच आली. २०१८ च्या अखेरीस खाचेची जागा भोकाने घेतली. जून २०१९ मध्ये ओप्पो आणि शाओमी यांनी पडद्याखालच्या कॅमेऱ्याचे नमुने दाखवले. सप्टेंबर २०२० मध्ये झेडटीईचा ॲक्सॉन २० बाजारात आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सॅमसंगच्या घडीच्या फोनातही तीच युक्ती आली. पडद्याखालचा कॅमेरा ओएलईडी पडद्यामुळे शक्य झाला. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये त्याचं मूळ संशोधन प्रसिद्ध केलं होतं. या पडद्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे मागे वेगळा दिवा लागत नाही.

मागे दिवा नसला तरी पडदा आपोआप आरपार होत नाही. सर्वात खाली प्लास्टिकसारखा लवचीक थर, त्यावर ट्रान्झिस्टर आणि धातूच्या तारा, त्यावर अॅनोड, मग प्रकाश देणारे सेंद्रिय थर, त्यावर मॅग्नेशियम-चांदीचा अतिपातळ कॅथोड, मग हवा आणि ओल अडवणारं आवरण, पोलरायझर आणि शेवटी काच. यातला पोलरायझर एकटाच अर्ध्याहून जास्त प्रकाश अडवतो. उरलेला प्रकाश तारांच्या जाळीतून जाताना वाकतो. विरळ ओढणीतून रात्री रस्त्यावरचा दिवा पाहिला तर त्याभोवती फुलीसारखे किरण दिसतात. पडद्याखालच्या कॅमेऱ्याला प्रत्येक दिवा तसाच दिसतो.

यावर अभियंत्यांनी काढलेले मार्ग वेगवेगळे आहेत. एक, कॅमेऱ्यावरच्या भागात ठिपके विरळ करायचे. मग प्रकाश जातो, पण तो तुकडा जाडाभरडा दिसतो. दोन, ठिपके तिथेच ठेवायचे, पण त्यांना चालवणारं सर्किट बाजूला हलवायचं आणि दोन्ही इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक तारांनी जोडायचे. तीन, कॅथोड ठिकठिकाणी काढून टाकायचा. चार, ठिपक्यांच्या आणि तारांच्या कडा सरळ न ठेवता वळणदार करायच्या, म्हणजे किरणांची फुली फिकट होते. प्रत्येक मार्गाने एक अडचण सुटते आणि दुसरी उभी राहते, आणि पेटंट जन्म घेतं ते याच दुसऱ्या अडचणीपाशी.

आता परीक्षण. महाराष्ट्रातला अर्जदार मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतो. अर्ज ऑनलाइन करता येतो, त्यामुळे आर्णीतून मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. विदर्भाचा या व्यवस्थेशी आणखी जवळचा संबंध आहे. आर्णीवरून जाणारा महामार्ग यवतमाळ, वर्धा ओलांडून नागपूरकडे जातो आणि नागपुरात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. १९८० मध्ये नागपुरातच पेटंट इन्फर्मेशन सिस्टिम नावाचं केंद्र सुरू झालं होतं, जगभरची पेटंट कागदपत्रं जमवण्यासाठी. आज पेटंट परीक्षकांचं प्रशिक्षण नागपूरच्या या संस्थेत होतं. देशभरचे अर्ज तपासणारी माणसं आपल्या शेजारच्या शहरात घडतात, ही बाब विदर्भातल्या महाविद्यालयांनी जितकी वापरायला हवी तितकी वापरलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षण आपोआप सुरू होत नाही, त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी त्या विनंतीची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणली. व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर अर्जाचं शुल्क १६०० रुपये आणि परीक्षणाचं ४००० रुपये, मोठ्या कंपनीला अनुक्रमे ८००० आणि २०,०००. यानंतर परीक्षक आपला पहिला अहवाल देतो. पेटंटच्या धंद्यातली माणसं त्याला 'एफईआर' म्हणतात. त्याला सहा महिन्यांत उत्तर द्यायचं असतं, विनंती केली तर मुदत वाढवून मिळू शकते.

परीक्षकाचं लक्ष सगळ्यात आधी जातं ते क्लेमवर. अर्जात पन्नास पानं वर्णन आणि वीस आकृत्या असतील, पण हक्क मागितलेला असतो तो शेवटी दिलेल्या क्लेममध्ये. क्लेमचं प्रत्येक कलम एकेका वाक्याचं, कितीही लांबलं तरी. शेताच्या खरेदीखतातल्या चतुःसीमेइतकंच वजन त्या वाक्यातल्या शब्दांना असतं.

समजा, एखाद्या अर्जदाराने पहिला क्लेम असा लिहिला: मुख्य भाग आणि त्याहून अधिक प्रकाश आरपार जाऊ देणारा दुसरा भाग असलेला पडदा, ज्याच्या दुसऱ्या भागाखाली कॅमेरा आहे. परीक्षक जुनी पेटंटं, शोधनिबंध, बाजारात आलेली उत्पादनं धुंडाळतो. ओएलईडी पडद्यांसाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २०२३ पासून एच१०के हा स्वतंत्र उपवर्ग आहे, त्यामुळे कुठे पाहायचं हे त्याला माहीत असतं. अर्जाच्या तारखेआधीच्या एकाच कागदात वरच्या सगळ्या गोष्टी सापडल्या की नवेपणा संपला. असा क्लेम आज टिकणं अशक्य आहे.

मग अर्जदार क्लेम आवळतो: सर्किट पारदर्शक भागाबाहेर, जोडणारी तार इंडियम टिन ऑक्साइडची. आता सगळं एका कागदात मिळत नाही. पण पहिल्या कागदात विरळ ठिपक्यांचा पडदा आहे आणि दुसऱ्यात, दुकानाच्या काचेवर लावायच्या आरपार पडद्याच्या संदर्भात, पारदर्शक तारा आहेत. प्रश्न आता 'इन्व्हेंटिव्ह स्टेप'चा होतो: त्या विषयातल्या जाणकाराने हे दोन कागद एकत्र आणले असते का? कायद्याने कल्पिलेला हा जाणकार म्हणजे विषय नीट येणारा, पण कल्पनाशक्तीने फार पुढे न जाणारा माणूस. रोश विरुद्ध सिप्ला खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्याचं हेच चित्र मांडलं. आपल्या उदाहरणात तो डिस्प्ले बनवणारा अभियंता ठरेल. आर्णीतला दुरुस्ती करणारा हाताने कितीही वाकबगार असला तरी कायद्याच्या नजरेत तो या जागी बसत नाही, कारण त्याच्यापुढची अडचण वेगळी आहे.

अर्जदाराचं चांगलं उत्तर कसं असतं? 'आमचा शोध फार उपयोगी आहे' या वाक्याला परीक्षणात काहीच किंमत नाही. किंमत आहे ती अशा सांगण्याला: पारदर्शक तारेचा विद्युतरोध धातूपेक्षा बराच जास्त असतो. सर्किट बाहेर नेलं की मधल्या ठिपक्याची तार लांब आणि कडेच्या ठिपक्याची आखूड होते. त्यामुळे दोन्ही सारखे उजळत नाहीत आणि कॅमेऱ्यावर फिकट वर्तुळ उमटतं. दोन्ही कागद एकत्र आणणाऱ्याला हे वर्तुळ दिसलं असतं, पण ते कसं घालवायचं हे कोणत्याच कागदात नाही. आम्ही आखूड तारांना मुद्दाम जादा भार जोडून सगळ्यांची धाव सारखी केली. आता क्लेममध्ये हा भाराचा तुकडा आला की परीक्षकापुढे खरा विचार करण्याजोगा प्रश्न उभा राहतो.

मात्र तो तुकडा मूळ अर्जात लिहिलेला असायला हवा. पेटंट कायद्याच्या कलम ५९ नुसार दुरुस्ती करताना मूळ अर्जात नसलेली बाब नव्याने घुसवता येत नाही. घाईत लिहिलेले, बारकावे गाळलेले अर्ज इथे कोसळतात, आणि त्यात दोष बहुधा शोधाचा नसून लेखणीचा असतो. संशोधकाने प्रयोगवही रोजच्या रोज, अपयशांसकट लिहावी असं मी तळमळीने सांगतो ते यासाठी.

आणखी एक अडथळा कलम ३ (फ) चा, इंग्रजीत एफ अक्षराचा. माहीत असलेली साधनं नुसती नव्या मांडणीत ठेवली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोध नाही. कॅमेरा जुना, पडदा जुना, एकाखाली दुसरा ठेवला, संपलं. पण कॅमेऱ्याला नीट दिसावं म्हणून ठिपक्याचा आकार बदलला, तर पडदा आणि कॅमेरा एकमेकांसाठी काम करू लागतात आणि हरकत सैल होते. पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शिकेत या संदर्भात १९७६ चा राम प्रताप विरुद्ध भाभा अणुसंशोधन केंद्र हा निकाल दिलेला आहे. माहीत असलेल्या गोष्टी मनाला येईल तशा शेजारी मांडणं म्हणजे शोध नव्हे, हा त्याचा आशय.

या सगळ्याचा पाया घातला गेला तो भांड्यांवरून. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या प्रकरणात लेथवर भांडं फिरवून घासताना ते घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचं पेटंट होतं. जुन्या पद्धतीत भांडं उडून कारागिराला इजा होण्याचा धोका असे. नव्या साधनाने तो कमी झाला, हे खरं. तरी डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्दच मानलं. भांडं टोकाने दाबून धरण्याची युक्ती लेथच्या कामात आधीच माहीत होती, आणि कारखान्यातली साधी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असं न्यायालय म्हणालं. उपयोग आणि शोध या दोन गोष्टी न्यायालयाने इतक्या स्वच्छ वेगळ्या केल्या की आजही ओएलईडीच्या अर्जावर निर्णय देताना हाच निकाल आठवतो.

परीक्षकाच्या अहवालानंतर अंतिम निर्णय देणाऱ्या नियंत्रकावरही बंधन आहे. एग्रिबोर्ड इंटरनॅशनल प्रकरणात मार्च २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही म्हणून अर्ज फेटाळायचा तर आधीचं ज्ञान काय, अर्जातला शोध काय आणि एकावरून दुसरा जाणकाराला कसा सुचला असता, हे तिन्ही आदेशात लिहायला हवं. 'सुचण्याजोगं आहे' एवढं म्हणून भागत नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण स्पष्टीकरण न देता दिलेल्या नकारातून संशोधक काहीच शिकत नाही.

पडद्यामागून काढलेलं धूसर छायाचित्र संगणकाने स्वच्छ करण्याच्या पद्धतीवर मागितलेले क्लेम वेगळ्याच वाटेने जातात. तिथे नुसत्या संगणक प्रोग्रामला आणि अल्गोरिदमला मनाई करणारं कलम ३ आडवं येतं. फेरिद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये प्रत्यक्ष तांत्रिक परिणाम दिसत असेल तर दार बंद करू नये असं म्हटलं. आणि भोक गोल असावं की लांबट, ते कसं दिसतं, एवढ्यावरच हक्क हवा असेल तर पेटंटचा रस्ताच चुकीचा. त्यासाठी २००० चा डिझाईन कायदा आहे, नोंदणी कोलकात्याला, मुदत १० वर्षं आणि पुढे ५ वर्षं. पेटंट मात्र अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं.

पेटंट मिळण्याआधी त्याला विरोध करण्याचा हक्क कलम २५ (१) नुसार कुणालाही आहे. तुमचा धंदा त्या पडद्याचा असला पाहिजे अशी अट नाही. आता त्याला शुल्क लागतं आणि विरोधात दम आहे का हे नियंत्रक आधी पाहतो, पण हक्क आहे. अडचण भाषेची आहे. अर्ज, विरोध, उत्तर, सगळं इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावं लागतं. मराठीत विचार करणाऱ्या कारागिराला इथे मधला माणूस लागतोच. नागपूरच्या संस्थेने आणि यवतमाळच्या तंत्रनिकेतनासारख्या महाविद्यालयांनी मिळून क्लेम वाचण्याचे मराठी वर्ग घ्यावेत. त्यासाठी लागणारं साहित्य फुकट उपलब्ध आहे. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक घातला की मूळ अर्ज, एफईआर, अर्जदाराचं उत्तर आणि शेवटचा आदेश उघडतो. विद्यार्थ्यांनी मूळ पहिला क्लेम एका कागदावर लिहून घ्यावा, मंजूर झालेला दुसऱ्यावर, आणि मधे कोणते शब्द वाढले ते अधोरेखित करून प्रत्येक शब्द कोणत्या जुन्या कागदामुळे घालावा लागला हे एफईआरमधून शोधून काढावं.