लाल शाईतील उड्डाणे

ज्या धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ साली देह ठेवला, आणि जेथे त्यांच्या पश्चात स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने त्यांनी दारोदार हिंडून मिळविलेली दप्तरे जिवापाड जतन केली, त्याच खानदेशात दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आपल्याच माणसांचे कागद मात्र रद्दीच्या भावाने जावेत, ही गोष्ट माझ्या मनाला फार वर्षे सलत आली आहे.

आमच्या आईचे मामा हवाई दलात होते आणि ‘बॉम्ब टाकणाऱ्या विमानात नकाशा पाहत’, एवढीच हकिकत जळगावच्या घरात सांगितली जाई. पुढे माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत, सारापावत्यांच्या खाली, त्यांचे लॉगबुक निघाले. त्यात तारीख, वेळ, विमानाचा प्रकार व क्रमांक, वैमानिकाचे नाव, कामगिरी, शेरा असे रकाने आखलेले; दिवसाचे तास निराळे, रात्रीचे निराळे; आणि महिनाअखेर बेरजेखाली वरिष्ठाची सही. त्यातील वैमानिकाच्या नावाचा रकाना हा शोधकर्त्याचा खरा आधार होय. कारण स्क्वाड्रनच्या रोजकीर्दीत विमानागणिक सोबत्यांची नावे सहसा एकत्र येतात, आणि एक नाव सापडले की दुसरे हाती लागते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. भारतीय हवाई दल १९३२ साली स्थापन झाले. त्याच्या ७ व ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनांनी दोन आसनी व्हेन्जन्स विमाने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चालविली. काही भारतीय तरुण ब्रिटिश हवाई दलात दाखल होऊन थेट युरोपच्या आकाशात लढले.

या शेवटच्या मंडळींत शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे नाव मला सर्वांत मोलाचे वाटते. लँकेस्टर विमानातील सात जणांपैकी ते नॅव्हिगेटर. ८३ क्रमांकाची त्यांची स्क्वाड्रन १९४२ च्या ऑगस्टात उभारलेल्या पाथफाइंडर दलातील, म्हणजे मुख्य ताफ्याच्या अगोदर पोहोचून लक्ष्यावर रंगीत ज्योती टाकणारी. त्यांनी पंचेचाळीस मोहिमा पुऱ्या केल्या आणि डी. एफ. सी. हे शौर्यपदक मिळविले. त्यांपैकी चौदा मोहिमा ज्या आर ५८६८ या विमानातून झाल्या, ते विमान आजही लंडनमधील हेंडनच्या संग्रहालयात उभे आहे. त्याच्या नाकाडावर रंगविलेल्या बॉम्बच्या रांगा मी खालून मान वर करून कितीतरी वेळ पाहत राहिलो. परंतु माझे चित्त गुंतले होते ते वैमानिकाच्या मागे डाव्या अंगाला असलेल्या त्या अरुंद मेजात. उजेड बाहेर फुटू नये म्हणून पडदा ओढून, कानांत चार इंजिनांची घरघर, अशा स्थितीत तो मनुष्य वाऱ्याची दिशा व वेग काढी, दर काही मिनिटांनी नकाशावर ठावठिकाणा टिंबाने मांडी आणि पुढचा मोहरा वैमानिकाला सांगे. ‘जी’ नावाच्या रेडिओ यंत्राचे संकेत शत्रूने बिघडविले की सारा भार घड्याळ, होकायंत्र आणि त्रैराशिक यांवर येई. मिनिटाची चूक झाली तर मागून येणाऱ्या शेकडो विमानांच्या वाटेत ज्योतीच नसत. रात्रीची उड्डाणे लाल शाईने लिहिण्याचा प्रघात असल्याने अशा माणसाच्या लॉगबुकाची पानेच्या पाने लाल दिसतात. ब्रिटिश हवाई दलाच्या या बॉम्बफेकी विभागाचे, म्हणजे बॉम्बर कमांडचे, ५५,५७३ लोक परत आले नाहीत. खाली जळालेल्या शहरांतील निरपराधांचा हिशेब निराळा, आणि तो विसरून हे शौर्य गाणे मला अप्रशस्त वाटते.

आता शोधाविषयी. प्रथम सेवाक्रमांक मिळवावा. एकाच नावाची अनेक माणसे असतात, क्रमांक मात्र एकाचाच. मृत्यू युद्धात झाला असल्यास राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची नामावली पाहावी. ज्यांना थडगे लाभले नाही त्यांची नावे रनिमीड, सिंगापूर आदी स्मारकांवर कोरलेली आहेत. पदकांची वार्ता लंडन गॅझेटात असते, आणि ब्रिटिश स्क्वाड्रनांच्या रोजकीर्दी लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर २७’ या वर्गात ठेविलेल्या आहेत.

वाचकांना माझी आग्रहाची विनंती एवढीच, की या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुने लॉगबुक, पगारपुस्तिका किंवा गणवेशातील छायाचित्र निघाले, तर त्यावरील सेवाक्रमांक प्रथम उतरवून घ्यावा आणि प्रत्येक पानाची छायाप्रत काढल्यावाचून तो कागद घराबाहेर जाऊ देऊ नये.